दोन गोल केले, म्हणून मोठा कॉम्बो?

प्रश्न : एका आईचं पत्र आहे. मुलगा ११ वर्षांचा. आठवड्यातून चार दिवस फुटबॉलचा सराव आणि शनिवारी सामना. मुलगी ८ वर्षांची, ती जिम्नॅस्टिक्सला जाते. सामना संपला की मुलांचे बाबा दोघांना बर्गर खायला घेऊन जातात. ‘एवढं पळतात, सगळं जिरून जातं,’ असं त्यांचं म्हणणं. सुरुवातीला हे महिन्यातून एकदा व्हायचं, आता दर शनिवारचं ठरून गेलं आहे. नणंद डॉक्टर आहे. तिच्या मते असलं खाणं मुलांना दाखवूसुद्धा नये, एकदा चटक लागली की सुटत नाही. सासऱ्यांना पन्नाशीच्या आत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, त्यामुळे आईच्या मनात धास्ती आहे. त्यात मागच्या शनिवारी दोन गोष्टी घडल्या. मुलगा म्हणाला, ‘मी दोन गोल केलेत, आज मला मोठा कॉम्बो पाहिजे.’ आणि घरी आल्यावर मुलीने विचारलं, ‘आई, किती फेऱ्या मारल्या की मी खाल्लेले फ्राइज जिरतील?’ आई विचारते : खेळणाऱ्या मुलांना अधूनमधून फास्ट फूड दिलं तर चालतं का? अधूनमधून म्हणजे किती? आता कमी केलं तर मुलगा लपूनछपून खायला लागेल का? आणि स्पर्धा संपल्यावर कोच संघाला पिझ्झा पार्टी देतात, तिचं काय करायचं?

उत्तर :

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण ते छोटं आहे. हो, चालतं. निरोगी, भरपूर खेळणाऱ्या आणि एरवी घरी नीट जेवणाऱ्या मुलांनी अधूनमधून बर्गर खाल्ला म्हणून त्यांचं काही बिघडत नाही. नणंदबाईंची काळजी खोटी नाही, पण शरीर एका जेवणावर घडत नाही आणि एका जेवणाने बिघडतही नाही. तुमच्या पत्रात मला खरं टोचलं ते मुलीचं वाक्य.

तुम्हाला वाटतंय की घरात तीन वेगवेगळी मतं आहेत. मला मात्र तिन्ही मतांच्या तळाशी एकच समजूत दिसते : पळणं ही जमा आणि खाणं हा खर्च. बाबा म्हणतात जमा भरपूर आहे, होऊ दे खर्च. आत्या म्हणते हा खर्च कधीच भरून निघायचा नाही. आणि तुम्ही मधे बसून बेरीज-वजाबाकी करताय. मुलं ऐकत असतातच. मुलाने या जमाखर्चाच्या वहीतली जमेची बाजू उचलली, मुलीने खर्चाची. म्हणून तो मोठा कॉम्बो मागतो आणि ती फेऱ्या मोजते. ही वही घरातून जावी असं मला वाटतं. ती कशी जाईल, तेवढंच इथे लिहिते आहे.

आधी ‘सगळं जिरून जातं’ या वाक्याकडे पाहू. ढोबळ मानाने, ३५ किलो वजनाचं मूल तासभर फुटबॉल खेळलं तर २५० ते ३०० कॅलरी खर्च होतात. एक साधा बर्गर, मध्यम फ्राइज आणि ३३० मिलिलिटरचं कोल्ड्रिंक यांच्या कॅलरी ८००च्या घरात जातात. मोठा कॉम्बो असेल तर हजाराच्या पुढे. म्हणजे बाबांचं गणित मुळातच जुळत नाही. पण एवढ्यावर ‘बघा, मी म्हणत नव्हते!’ असं म्हणून मोकळ्या होऊ नका, कारण उलट्या बाजूचं गणितही तितकंच चुकीचं आहे. शरीराला लागणाऱ्या ऊर्जेतला मोठा वाटा पळण्यात जातच नाही. हृदय, मेंदू, श्वास, शरीराचं तापमान आणि मुलांच्या बाबतीत वाढ, यांनाच बरीचशी ऊर्जा लागते. अंथरुणात झोपलेलं मूलही ती खर्च करत असतं. तुमच्या मुलाच्या वयाच्या खेळत्या मुलाला दिवसाला साधारण २२०० कॅलरी लागतात, मुलीच्या वयाला १६०० ते १८००. त्यामुळे फ्राइज ‘जिरवायला’ कुणाला फेऱ्या मारायची गरज नाही. खाल्लेलं अन्न शरीर वापरतं, ते त्याचं रोजचं काम आहे.

याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट दिसते. बर्गर, फ्राइज आणि कोल्ड्रिंकचा तोच ट्रे मुलाच्या दिवसभराच्या गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त आहे आणि मुलीच्या जवळजवळ निम्मा. दोघांना सारखंच मागवणं न्यायाचं वाटतं खरं, पण पोटं सारखी नाहीत.

कॅलरीचा विषय इथेच सोडू, कारण खेळणाऱ्या मुलांच्या बाबतीत खरा प्रश्न वेगळा असतो. पळून कॅल्शियम मिळत नाही, लोह मिळत नाही, तंतुमय पदार्थ मिळत नाहीत. हाडं आणि स्नायू भराभर वाढण्याच्या वयात मुलगा आठवड्यातून पाच दिवस मैदानावर असतो. त्याच्या शरीराला इतर मुलांपेक्षा जास्त सामान लागतं आणि ते डाळी, भाज्या, फळं, दूध, दही, अंडी, धान्यं यांतून येतं. बर्गर ‘वाईट’ आहे यापेक्षा तो या सगळ्याची जागा अडवतो, ही त्याची मोठी अडचण. महिन्यातून दोन जेवणांची जागा त्याने अडवली तर फरक पडत नाही. आठवड्यातून चार जेवणांची अडवली तर पडतो, मग मूल कितीही सडपातळ आणि चपळ दिसो.

मिठाचंही तसंच. ब्रिटनमधल्या आरोग्य सल्ल्यानुसार ७ ते १० वर्षांच्या मुलांनी दिवसाला जास्तीत जास्त ५ ग्रॅम आणि ११ वर्षांपासून पुढे ६ ग्रॅम मीठ खावं. बर्गर आणि फ्राइज मिळून त्यातला निम्मा वाटा एका बैठकीत संपू शकतो. ‘घामातून जातं ना?’ असं कुणी म्हणेल. तासाभराच्या सरावात जेवढं मीठ जातं, तेवढं रोजच्या जेवणातून आपसूक परत येतं, त्यासाठी वेगळी सोय लागत नाही. आणि कोल्ड्रिंकमधल्या साखरेचं म्हणाल, तर दातांना तुम्ही किती पळालात याच्याशी काही देणंघेणंच नसतं.

आता एक गंमत सांगते, ती तुमच्या यजमानांना फार आवडेल. अमेरिकेतल्या मोंटाना विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ११ पुरुषांना दमवणाऱ्या सायकलिंगनंतर एकदा खेळाडूंसाठीची खास उत्पादनं दिली आणि एकदा फास्ट फूड दिलं. स्नायूंमधला ऊर्जेचा साठा भरून येण्यात आणि त्यानंतरच्या सायकल चाचणीत लक्षणीय फरक दिसला नाही. हा अभ्यास त्यांना जरूर दाखवा, फक्त अर्धा दाखवू नका. तो प्रौढ पुरुषांवर होता, मोजून दिलेल्या बेताच्या भागांवर होता आणि एका दिवसापुरता होता. त्यातून मी एवढंच घेते की सामन्यानंतर बर्गर पोटात गेला म्हणून सगळी मेहनत पाण्यात गेली, असं काही नसतं. आणि पालक ज्या महागड्या ‘स्पोर्ट्स’ पावडरी आणि बार मुलांच्या पिशवीत भरतात, त्यांची बहुतेक मुलांना गरज नसते, हेही.

सामन्याआधी मात्र असलं खाणं नको. स्निग्ध पदार्थ पोटात जास्त वेळ थांबतात, मूल जड पोटाने पळतं, मग कुशीत दुखतं नाहीतर मळमळतं. मुलाला हे ‘आरोग्यासाठी’ म्हणून सांगू नका. ‘पहिल्या हाफमध्ये पाय उचलणार नाहीत’ म्हणून सांगा, लगेच पटेल.

सामना संपल्यावरची पहिली पंधरा-वीस मिनिटं तुमच्या हातातली आहेत आणि नेमकी तीच बहुतेक घरांत वाया जातात. मूल दमलेलं, घामेजलेलं, तहानलेलं असतं. तहान आणि भूक त्या वेळी एकमेकींत मिसळलेल्या असतात. अशा अवस्थेत काउंटरसमोर उभं केलं तर मोठा माणूसही सगळ्यात मोठ्या चित्रावर बोट ठेवील. म्हणून मैदानावरच आधी पाणी आणि पिशवीतलं एक केळं, उकडलेलं अंडं किंवा मूठभर शेंगदाणे. त्यानंतर बर्गर खायला गेलात तरी वखवख राहत नाही. भूक कमी झाली की भांडणही कमी होतं, हा वरचा फायदा.

आता नणंदबाईंच्या मताकडे येते. पूर्ण बंदीने चटक लागणार नाही असं त्यांना वाटतं. लहान मुलांवरचे प्रयोग याच्या उलट बाजूला बोट दाखवतात. जेनिफर फिशर आणि लीन बर्च या संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांच्या डोळ्यांसमोर एक खाऊ ठेवला, पण तो घ्यायला मर्यादा घातली. मुलं त्याच खाऊबद्दल जास्त बोलायला लागली, तोच जास्त मागायला लागली, मिळाला तेव्हा जास्त घ्यायलाही लागली. तुमच्या मुलाच्या बाबतीत तर खाऊ समोर आहेच : मित्रांच्या वाढदिवसांना, मैदानाच्या बाहेर, प्रत्येक पडद्यावरच्या जाहिरातीत. जे सगळीकडे दिसतं आणि फक्त आपल्याच घरात निषिद्ध असतं, त्याचं आकर्षण ११व्या वर्षी कमी होत नाही. १५व्या वर्षी तर विचारूच नका.

तरीही नणंदबाईंच्या बोलण्यातला एक धागा मी सोडणार नाही. हे पदार्थ जास्त खाल्ले जावेत अशाच घडणीचे असतात. केविन हॉल या अमेरिकन संशोधकांच्या गटाने २०१९ मध्ये २० प्रौढांवर केलेला एक काटेकोर प्रयोग आहे. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं, म्हणजे कारखान्यात बरेच बदल करून तयार झालेलं अन्न आणि दोन आठवडे साधं, कमी प्रक्रियेचं अन्न. दोन्ही वेळी समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, मीठ, तंतुमय पदार्थ सारखेच आणि हवं तेवढं खायची मुभा. अतिप्रक्रियेच्या अन्नावर असताना लोकांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या, आणि ते जास्त भराभर खात होते. हा प्रयोग मुलांवरचा नाही. पण ‘पोट भरलं की थांबेल की तो’ हा भरवसा बर्गरच्या बाबतीत थोडा ढिला ठेवावा, इतपत तो नक्की सांगतो. म्हणून आधी लहान मागवायचं, हवंच असेल तर नंतर आणखी.

बंदीपेक्षा मला जास्त खुपतं ते बक्षीस. तुमच्या पत्रात एक ओळ आहे, तुमच्या लक्षातही आली नसेल. मध्यंतरी संघ हरला तेव्हा ‘बिचारा नाराज होता’ म्हणून बाबा त्याला बर्गर खायला घेऊन गेले होते. म्हणजे जिंकलं तर बक्षीस, हरलं तर सांत्वन. बर्गरला सुट्टी कधी? लीन बर्च यांनीच सहकाऱ्यांसोबत १९८० मध्ये दाखवलं होतं की एखादा पदार्थ बक्षीस म्हणून दिला की मुलांना तो आधीपेक्षा जास्त आवडायला लागतो. आपण बर्गर देऊन गोलाचं कौतुक करत असतो, पण किंमत वाढते ती बर्गरची. आणि एक दिवस गोलाचा आनंद स्वतःच्या पायांवर उभा राहीनासा होतो, ‘मग मला काय मिळणार?’ असं मूल विचारतं. तुमचा मुलगा त्या दिशेने निघाला आहे. फार लांब गेलेला नाही.

म्हणून मला सुचतं ते असं. महिन्यातले दोन शनिवार ठरवा आणि महिना सुरू व्हायच्या आधीच ते कॅलेंडरवर लिहून टाका. कोणते दोन, ते मुलांनाच निवडू द्या. मुद्दा तारखेचा आहे : सामन्याचा निकाल कुणालाच माहीत नसताना ती ठरलेली असते. त्या शनिवारी मुलगा तीन गोल करो, राखीव बाकावर बसो किंवा पावसाने सामना रद्द होवो, बर्गर खायला जायचं म्हणजे जायचं. आणि जो शनिवार कॅलेंडरवर लिहिलेला नाही, त्या शनिवारी त्याने अंतिम सामना जिंकून दिला तरी जेवण घरी. पहिल्या महिन्यात मुलगा वाद घालेल. ‘पण आज तर मी...’ असं सुरू होईल. तेव्हा ‘तू कमावलं नाहीस’ असं चुकूनही म्हणू नका. ‘आज बर्गरचा शनिवार नाही’ एवढंच म्हणा. कॅलेंडरशी भांडायचा मुलांना लवकर कंटाळा येतो.

दोनच का? याला कुठल्या संस्थेचा आकडा नाही, हा माझा अंदाज आहे आणि त्यामागचं कारण व्यवहारी आहे. मुलांच्या महिन्यात तुम्ही न ठरवलेल्या गोष्टीही येतात : वाढदिवस, सहल, पाहुणे, प्रवास. दर आठवड्याचं एक ठरलेलं धरलं तर हे सगळं मिळून महिन्याला सात-आठ वेळा सहज होतं, आणि त्याला कुणी अधूनमधून म्हणणार नाही. दोन धरलं तर वरच्या गोष्टींना जागा राहते आणि तुम्हाला प्रत्येक वाढदिवसाला कपाळावर आठी घालून उभं राहावं लागत नाही. एखाद्या घरात बाहेरचं निमित्त क्वचितच येत असेल, तर दर शनिवारी एक लहान बर्गर आणि पाणी हेही मला गैर वाटत नाही.

पाण्याचं मुद्दाम म्हटलं. या सगळ्यात एकच गोष्ट बदलायची ताकद असेल, तर कोल्ड्रिंक बदला. ३३० मिलिलिटरच्या कोल्ड्रिंकमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला २५ ग्रॅमच्या आत सांगितली आहे. म्हणजे एका कॅनमध्ये दिवसाची मर्यादा ओलांडून झाली आणि पोट तर भरलंच नाही. शिवाय ते आम्लयुक्त असतं. घोट घोट घेत तासभर पुरवलं की दातांवरच्या कवचाला तासभर त्रास. कॉम्बो घेतला की हे पेय आपोआप येतं, म्हणून कॉम्बो न घेता पदार्थ सुटे मागवा. फ्राइज एकच, मधे ठेवून सगळ्यांत. काय मागवायचं ते गाडीतच ठरवा, काउंटरवर नाही. तिथली चित्रं आणि ‘थोडे जास्त देऊन मोठं घ्या’ हे वाक्य तुमच्या मुलापेक्षा जास्त सराव करून आलेलं असतं. खाणं बसून, टेबलावर, फोन बाजूला ठेवून.

आणि एकदा पदार्थ टेबलावर आले की त्यावर बोलायचं नाही. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी पालकांसाठी एक साधी वाटणी सांगितली आहे : काय, कधी आणि कुठे खायचं ते मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं, किंवा खायचं की नाही, ते मुलाने. शनिवार तुम्ही मिळून ठरवलात, पदार्थ ठरवलेत, तुमचं काम संपलं. मग ‘संपव, पैसे दिलेत’ नको आणि ‘बास आता, किती खाशील’ही नको. बर्गर खाताना आईच्या चेहऱ्यावर अपराधी भाव दिसला तर मुलं तो बर्गरसोबत गिळतात. द्यायचं तर मोकळ्या मनाने द्या, नाहीतर देऊ नका.

आता मुलीकडे येते. ८ वर्षांच्या मुलीने ‘किती फेऱ्या’ विचारलं तर त्यावर हसू नका, रागावू नका आणि आकडा तर अजिबात सांगू नका. ‘शून्य’ सांगा. ‘फ्राइजसाठी एकही फेरी मारायची नसते. तुला पळायला आवडतं म्हणून पळ. तुला भूक लागते म्हणून खा.’ एवढं बोलून दुसऱ्या विषयाकडे वळा. पण मनात मात्र शोधा, हे तिने कुठून उचललं. बाबांचं ‘जिरून जातं’ हे एक कारण झालंच. घरातलं कुणी मोठं माणूस गोड खाल्ल्यावर ‘आता उद्या चालावं लागणार’ म्हणतं का? जिम्नॅस्टिक्समध्ये शरीरावर टिप्पणी होते का? या खेळात अशी टिप्पणी फार लवकर सुरू होते. वयात येण्याच्या आसपास मुलींच्या अंगावर थोडी चरबी येणं ही वाढीचीच पायरी असते. त्याच सुमाराला जर तिच्या डोक्यात फेऱ्यांचा हिशेब बसलेला असेल, तर ती पायरी तिला अपराधासारखी वाटेल.

हे मी वाढवून सांगत नाही. भरपूर सराव आणि त्यामानाने कमी खाणं यामुळे खेळाडूंची वाढ, हाडं, पाळी, प्रतिकारशक्ती, मन या सगळ्यांवर परिणाम होतो, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून त्याकडे स्वतंत्र समस्या म्हणून लक्ष वेधलं आहे. तुमची मुलगी तिथे पोहोचली आहे असं मुळीच नाही. एक प्रश्न म्हणजे आजार नव्हे. पण पुढच्या काही महिन्यांत ती जेवण टाळायला लागली, जेवल्यावर लगेच व्यायाम करायला लागली, सगळ्यांसोबत बसून खायला कचरायला लागली, किंवा पाकिटावरच्या कॅलरी वाचायला लागली, तर थांबू नका, बालरोगतज्ज्ञांकडे जा. मुलग्यांच्या बाबतीतही हेच. मुलगे असं काही करत नाहीत ही समजूत पालकांना उशीर करायला लावते.

सासऱ्यांच्या आजारपणामुळे आलेली भीती मात्र शनिवारच्या बर्गरवर काढू नका, तिचं उत्तर तपासणीत आहे. कुटुंबात तरुण वयात हृदयविकार असेल तर ते मुलांच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. अमेरिकेतल्या २०११च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर सगळ्याच मुलांची ९ ते ११ या वयात एकदा कोलेस्टेरॉलची तपासणी करावी असं म्हटलं आहे. तुमचा मुलगा त्याच वयात आहे. तपासणी करायची की नाही ते तुमचे डॉक्टर ठरवतील. उंची आणि वजनाचा वाढीचा आलेखही त्याच भेटीत बघून घ्या. एका दिवसाच्या वजनावरून काही कळत नाही, दोन-तीन वर्षांची रेघ कुठे चालली आहे ते बघायचं असतं. त्यात काही वेगळं निघालं तर मी इथे लिहिलेलं बाजूला ठेवा आणि डॉक्टर सांगतील तसं करा. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या मुलांनाही हे उत्तर जसंच्या तसं लागू नाही.

यजमानांशी बोलताना बर्गरपासून सुरुवात करू नका. आठवडाभर कामात असलेल्या बाबांना शनिवारची ती पाऊण तासाची बैठक मिळते. मुलगा तेव्हा सामन्याची गोष्ट सांगतो, बहीण मधेमधे बोलते, कुणी घड्याळ बघत नाही. तुम्ही बर्गर कमी करायला निघालात की त्यांना वाटणार, ही बैठकच जाणार. म्हणून बैठक दर शनिवारी राहील हे आधी सांगा. ज्या शनिवारी बर्गर नाही, त्या शनिवारी बागेत बसा, घरच्या डब्यातलं खा, नाहीतर घरी तिघांनी मिळून काहीतरी बनवा आणि तुम्ही त्यात पडू नका. ओटा विस्कटेल, विस्कटू द्या. आणि हे बोलणं मुलं झोपल्यावर करा. मुलांसमोर एकाने ‘हो’ आणि दुसऱ्याने ‘नाही’ म्हटलं की मुलं बरोबर ओळखतात कुणाकडे मागायचं. यजमानांना एकच गोष्ट सोडायला सांगा, ते वाक्य : ‘जिरून जातं.’ मुलीने काय विचारलं ते सांगितलंत तर बहुधा आणखी काही सांगावंच लागणार नाही.

लपूनछपून खाण्याचं म्हणाल, तर ११ वर्षांचा मुलगा मित्रांसोबत तुमच्या नकळत कधीतरी खाणारच. सगळीच मुलं खातात, ती काही फसवणूक नव्हे. काळजी तेव्हा करायची, जेव्हा त्याला खाल्लेलं सांगायची भीती वाटते. दप्तर तपासू नका. रिकामं पाकीट सापडलं तर चौकशी बसवू नका. ‘कसं होतं? आपण जातो तिथल्यापेक्षा चांगलं होतं का?’ असं विचारता आलं तर उत्तम. त्याने खरं सांगितलं आणि त्यानंतर काहीच घडलं नाही, असा अनुभव त्याला दोन-तीनदा आला की लपवायचं कारण उरत नाही.

जाता जाता एक. खेळ आणि खाणं यांच्या मधे हल्ली ‘एनर्जी ड्रिंक’ घुसलं आहे. कॅफिनवालं ते पेय मुलांना अजिबात नको, अधूनमधूनसुद्धा नको. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०११ मध्येच तसं स्पष्ट सांगितलं आहे. त्यातल्या त्यात साधं स्पोर्ट्स ड्रिंक वेगळं असतं, पण तासाभराच्या सरावाला पाणी पुरतं. आणि ‘साखर खाल्ली की मुलं उधळतात’ हा सार्वत्रिक अनुभव १९९५ मध्ये एकत्र तपासलेल्या प्रयोगांमध्ये टिकला नाही. पार्टीत मुलं उधळतात, कारण ती पार्टी असते.

उरली कोचची पिझ्झा पार्टी. ती खुशाल खाऊ द्या, दोन शनिवारांत धरूही नका. हंगामातून एकदा येणारी गोष्ट आहे आणि संघासोबत बसून खाण्यात मुलाला जे मिळतं ते घरच्या डब्यात मिळणार नाही. पालकांच्या गटात फार तर एवढं सुचवा की टेबलावर पाण्याच्या बाटल्या आणि कापलेली फळं असावीत. दमलेली मुलं समोर असेल ते उचलतात, फळंसुद्धा. कोचशी मात्र एका गोष्टीवर जरूर बोला. काही ठिकाणी जिंकणाऱ्यांना पिझ्झा आणि हरणाऱ्यांना मैदानाच्या फेऱ्या असं चालतं. तुमच्या क्लबमध्ये तसं होत असेल, तर तुमच्या मुलीचा प्रश्न त्यांच्या कानावर घाला. ती काय म्हणाली तेवढंच सांगा, भाषण नको. बहुतेक कोचना मुलांबद्दल मनापासून आस्था असते, हे कुणी त्यांच्या लक्षात आणून दिलेलं नसतं इतकंच.